लहान मुले आणि स्वतःचा वेळ : या चुका टाळा

कोथरूडमध्ये मी गेली १९ वर्षे पाळणाघर चालवते आहे, आणि त्याआधी माझी स्वतःची दोन मुले याच घरात वाढवली आहेत. संध्याकाळी मुलाला न्यायला येणारी आई किंवा बाबा चपला घालता घालता जे बोलतात, त्यात "ताई, स्वतःसाठी पाच मिनिटेसुद्धा मिळत नाहीत हो" हे वाक्य ठरलेले असते. ते खोटे नसते. पण मी जेव्हा विचारते, "रविवारी दुपारी मूल झोपले तेव्हा तुम्ही काय केलेत?", तेव्हा उत्तरही ठरलेलेच येते. ओट्यावरची भांडी आवरली, कपड्यांच्या घड्या घातल्या, सोमवारच्या डब्याची भाजी निवडली, आता जरा टेकावे म्हटले तर मूल उठले. तपशील बदलतात, चूक तीच राहते.

कामे आधी, मी नंतर

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते आणि तिला चूक म्हणायलाही कोणी तयार नसते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. एकूण हिशेब बऱ्यापैकी पक्का असला, तरी दुपारचा तुकडा किती लांबेल हे कोणाच्याच हातात नसते : कधी दीड तास, कधी पाऊण तास, आणि वरच्या मजल्यावर कोणी भिंतीला ड्रिल लावले तर वीसच मिनिटे. कामे आधी करणारी आई त्या झोपेचा पक्का भाग भांड्यांना देते आणि बेभरवशाचा भाग स्वतःसाठी ठेवते. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणे ते हेच.

माझी सवय उलटी आहे. मूल झोपले की पहिली २० मिनिटे माझी, मग कामे. पुण्यातले जुने दुकानदार दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवतात म्हणून बाहेरचे लोक त्यांना नावे ठेवतात. मी मात्र ती पद्धत त्यांच्याकडूनच उचलली. धाकटी झोपली की मी स्वयंपाकघराचे दार ओढून घेत असे, म्हणजे खरकटी भांडी नजरेला पडत नसत, आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी चहा घेऊन बसत असे. तो चहा गरम असे, हे मुद्दाम सांगते, कारण त्याआधीचे दीड वर्ष मी साय धरलेला गार चहाच पीत होते. त्या वीस मिनिटांत भांडी कुठेही पळून जात नाहीत, आणि मूल उठल्यावर त्याला शेजारी बसवून भांडी घासता येतात. मूल शेजारी असताना स्वस्थ बसता मात्र येत नाही. जे काम मुलासमोर होऊ शकते, ते त्याच्या झोपेत करू नका.

न सांगता निघून जाणे

या चुकीबद्दल मला सर्वात जास्त कळकळीने लिहायचे आहे, कारण ती मी स्वतः केली आहे आणि पाळणाघराच्या दारात ती रोज पाहते आहे.

माझा मोठा मुलगा दीड वर्षाचा असताना मी सकाळी सहाला वेताळ टेकडीवर फिरायला जायचे ठरवले. तो लवकर उठायचा. त्याला सांगून निघाले तर तो रडेल, म्हणून आम्ही घरातल्या मोठ्यांनी एक सोपी युक्ती काढली : सासूबाईंनी त्याला गॅलरीत नेऊन "तो बघ काऊ" म्हणायचे आणि तेवढ्यात मी चपला हातात घेऊन जिना उतरायचा. चार दिवस हे सुरळीत चालले. टेकडीवरून परत आले की तो खेळत असे आणि मला वाटे, किती छान सवय लागली. पाचव्या दिवशी सासूबाईंनी "काऊ" म्हणताच तो गॅलरीकडे न वळता दाराकडे धावला. त्यानंतर तो पाचलाच उठू लागला आणि झोपेतही माझ्या ओढणीचे टोक मुठीत धरून ठेवू लागला. मी न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर बसून दार वाजवत राही. टेकडी तर बंद झालीच, पण पूर्वी मिळत होती ती आंघोळीची दहा मिनिटेही गेली. कावळा दिसला की त्याचा चेहरा पडे, हे आठवले की मला आजही वाईट वाटते.

यामागचे कारण साधे आहे. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला कळू लागते की समोरून गेलेले माणूस कुठेतरी असतेच. पण ते परत कधी येईल, हे मात्र त्याला कळत नाही. म्हणून आठ ते अठरा महिन्यांच्या वयात आईपासून दूर होण्याची भीती फार तीव्र असते. त्या भीतीवर एकच उपाय आहे : आई सांगून जाते आणि सांगितल्याप्रमाणे येते, हा अनुभव त्याला पुन्हा पुन्हा मिळणे. चोरून गेलेली आई नेमका हाच अनुभव मोडते. मग मुलाच्या दृष्टीने आई कधीही, कोणत्याही क्षणी नाहीशी होऊ शकते, आणि त्यामुळे तिच्यावर अखंड नजर ठेवणे हाच त्याच्यापुढचा एकमेव मार्ग उरतो.

मला ही घडी पुन्हा बसवायला तीन आठवडे लागले. रोज तीच ओळ : "आई टेकडीवर जाते, तू दूध पिऊन झाले की आई येते." "अर्ध्या तासाने" म्हणून उपयोग नसतो, कारण त्या वयाला तास कळत नाही, दूध कळते. मग त्याच्या तळहातावर एक पापी, आणि निघायचे. तो रडे, मी वळून परत येत नसे, आणि सुरुवातीला मी फक्त इमारतीला एक फेरी मारून पाच मिनिटांत परत येत असे. दारात पाऊल ठेवताच मोठ्याने म्हणायचे, "आले." मग सात मिनिटे, मग दहा. वेताळ टेकडी पुन्हा सुरू व्हायला महिना उलटला होता.

पाळणाघरातही हेच दिसते. जी आई हात हलवून, रडणे ऐकून घेऊन निघते, तिचे मूल काही मिनिटांत ठोकळ्यांकडे वळते. ज्याचे बाबा त्याला खेळण्यात गुंतवून गुपचूप सटकतात, ते मूल त्या वेळी रडत नाही, पण खेळता खेळता दर थोड्या वेळाने दाराकडे पाहत राहते. बाबांना वाटते, रडला नाही म्हणजे जमले. त्याचा पूर्ण दिवस दाराकडे पाहण्यात गेला, हे मी सांगितले तरी त्यांना पटायला वेळ लागतो.

वस्तू माळ्यावर, इच्छा मनात

मला पेटी वाजवायची आवड होती. मोठ्याच्या जन्मानंतर पेटी माळ्यावर गेली आणि चार वर्षे तिथेच राहिली. पंधरा मिनिटांची उसंत अनेकदा मिळे, पण स्टूल आणणे, पेटी उतरवणे आणि धूळ पुसणे यातच ती संपणार हे माहीत असल्याने मी हात फोनकडे नेत असे. शेवटी आम्ही भिंतीलगत एक फळी ठोकून घेतली, मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, आणि पेटी तिच्यावर ठेवली. त्या आठवड्यात मी तीनदा उभ्याने अलंकार वाजवले. पुस्तक असेल तर ते ओट्याजवळ उघडे हवे, भरतकाम असेल तर सुई ओवलेली हवी. लहान मुलांच्या घरात वेळ तुकड्यांनीच मिळतो, तेव्हा तयारी आधीच झालेली असली पाहिजे.

'मदत' घेणे आणि आतल्या खोलीतून सूचना देणे

नवऱ्याने मूल सांभाळायचे आणि बायकोने आतल्या खोलीत पडायचे, ही व्यवस्था मी एकाही घरात यशस्वी झालेली पाहिलेली नाही. मूल दर तीन मिनिटांनी दार ढकलते, आणि त्याच्या मागोमाग "टोपी कुठे आहे?", "हा रडतोय, भूक लागली असेल का?" असे प्रश्न येतात. आईही उत्तरे देत राहते, आणि ही उंटावरून शेळ्या हाकण्याची धडपड संपेपर्यंत तास संपलेला असतो.

दोघांपैकी एकाने घराबाहेर पडणे आवश्यक आहे, आणि माझ्या मते मूल व बाबांनी पडावे. स्वतःच्या घरात एकटे असण्यात जो विसावा आहे, तो बागेतल्या बाकावर मिळत नाही. शिवाय पुण्यातल्या अनेक बागा दुपारी बंदच असतात. माझे यजमान रविवारी सकाळी मुलाला पेशवे उद्यानात १९५६ साली सुरू झालेल्या फुलराणी या छोट्या आगगाडीत बसवायला नेत असत. पिशवी त्यांनीच भरायची, असा मी नियम केला. पहिल्या रविवारी कपड्यांचा जास्तीचा जोड न्यायचा राहिला आणि मुलगा बाबांच्या सदऱ्यात गुंडाळून घरी आला, बाबा बनियनवर. मी काहीही बोलले नाही. पुढच्या रविवारी पिशवीत दोन जोड होते. आई सगळे आठवून देत राहिली तर बाबांना आठवण्याची गरजच पडत नाही, आणि मग ती त्यांची जबाबदारी न होता मदतच राहते.

पहिल्याच दिवशी तासाची अपेक्षा

दुपारची झोप साधारण तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुटते, आणि ती सुटली की अनेक आया हवालदिल होतात. त्यांना मी सांगते, झोप गेली तरी तो वेळ ठेवा : मूल त्याच्या कोपऱ्यात भातुकली किंवा चित्रांची पुस्तके घेऊन बसेल, तुम्ही तुमच्या जागी बसाल, आणि या काळात कोणी कोणाला हाक मारायची नाही. आठ दिवसांनी त्या येतात आणि म्हणतात, "ताई, आमच्याकडे नाही जमले." विचारले तर कळते की पहिल्याच दिवशी पाऊण तासाचा गजर लावला होता. पाच मिनिटांपासून सुरुवात करायची असते, वाळूचे घड्याळ मुलासमोर ठेवायचे असते, आणि आठवड्याला दोन मिनिटे वाढवायची असतात. ज्यांना इतका धीर नाही, त्या शेवटी मुलाच्या हातात मोबाइल देतात, आणि मग तो काढून घेताना होणाऱ्या आकांतात मिळालेल्या वेळेच्या दुप्पट वेळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे की दोन वर्षांखालील मुलांना मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. कणकेचा गोळा आणि छोटे पोळपाट-लाटणे यांनी माझ्याकडची मुले मोबाइलपेक्षा जास्त काळ रमतात.

थोडक्यात, पण महत्त्वाचे

मूल झोपल्यावर रात्री एकपर्यंत फोन पाहत बसणे याला स्वतःचा वेळ समजू नका. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते आणि ती उधारी दुसऱ्या दिवशी मुलावर ओरडून फेडली जाते. बाळ रात्री अंगावर पीत असेल, तर पहाटे उठून योगासने करण्याचा सल्ला कोणाचाही ऐकू नका, त्या काळात झोप हाच तुमचा वेळ. आणि स्वतःच्या वेळेसाठी महाबळेश्वरच्या सहलीची वाट पाहू नका.

मूल दुसऱ्या खोलीत खेळत असताना तुम्ही बसणार असाल, तर आधी एक फेरी मारा : न्हाणीघरातली बादली पालथी, गॅलरीच्या दाराला वरची कडी, गॅसचे मुख्य बटण बंद. बादलीच्या तळाशी उरलेले थोडे पाणीसुद्धा लहान मुलासाठी धोक्याचे असते. या फेरीनंतर मन निवांत होते. तिच्याशिवाय कान सतत तिकडेच राहतात.

आणि वेळ मिळूनही काहीच करावेसे वाटत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येत असेल, मुलाजवळ जावेसे वाटत नसेल, तर तो प्रश्न वेळेचा नाही. बाळंतपणानंतर हे अनेक स्त्रियांना होते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा, टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर सरकारी मोफत सेवा आहे, तिथेही बोलता येते.

धावत घरात शिरणे

ऑफिस सुटले की गाडीवरून थेट माझ्या दारात येणाऱ्यांची चूक शेवटी सांगते. एकदा एका बाबांनी हेल्मेट न काढताच मुलीला उचलले; कानात फोन सुरू होता, आणि मुलगी दुपारभर जपून ठेवलेली कागदाची होडी त्यांच्या काचेसमोर धरून होती. काचेमुळे त्यांना ती दिसली नाही. त्यांचे मुलीवर प्रेम नाही असे मुळीच नाही, पण ऑफिस अजून त्यांच्या डोक्यातून उतरले नव्हते.

मी आता सर्वांना सांगते की कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये थांबा, एक कप चहा घ्या, दहा मिनिटांनी या. पाळणाघर सातपर्यंत उघडे असते आणि त्या दहा मिनिटांत तुमच्या मुलाचे काही बिघडत नाही. बहुतेकांना हे अपराधासारखे वाटते. एका आईने मात्र ते मनावर घेतले आहे. ती समोरच्या कट्ट्यावर हातात कप घेऊन बसते, फोन पर्समध्ये, नजर गुलमोहराकडे. मला ती खिडकीतून दिसते, आणि तिचा कप रिकामा होईपर्यंत मी तिच्या मुलाचे दप्तर भरायला घेत नाही.