फिलिपीन्समध्ये स्वतःचं रोमान्स पुस्तक स्वतःच काढायचं तर काय काय करावं लागतं

तुम्ही मनिलात राहताय, पोटापाण्याला नोकरी आहे, आणि एक प्रेमकथा लिहून ती कुठल्या प्रकाशकाची वाट न बघता स्वतःच काढायचीय, असं धरून हे लिहितेय. कारण तिथले इंडी, म्हणजे प्रकाशकाशिवाय स्वतःच पुस्तकं काढणारे, रोमान्स लेखक जे करतात ते तिथल्या जागेवरूनच नीट कळतं, नियम तिथले, पैसे तिथले आणि भांडणंही तिथलीच.

सुरुवात वाचनापासून. लिहायचं नंतर बघू. आधी तिथली तीन वेगवेगळी कपाटं वाचा, कारण तुमचा वाचक या तिन्हीतून आलेला असतो. पहिलं टॅगलॉग या तिथल्या भाषेतल्या पॉकेटबुकांचं, प्रेशस पेजेस कंपनीची प्रेशस हार्ट्स रोमान्सेस वगैरे, बारकी, स्वस्त, एका बैठकीत संपणारी पुस्तकं, ज्यांच्यावर पुढे एबीएस-सीबीएनने टीव्ही मालिकाही केल्या. काही लोक त्यांना नाक मुरडतात पण गोष्ट किती लवकर पकडायची आणि चॅप्टर कुठे तोडायचा हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. दुसरं वॉटपॅड, म्हणजे कथा टाकायची आणि वाचायची वेबसाइट, तिथे फुकट वाचणारी प्रचंड तरुण पोरं आहेत, आणि तिथल्या कथांवर २०१४ च्या आसपास सिनेमे आले नि चाललेही. तिसरं म्हणजे इंग्रजीत लिहिणारे इंडी लेखक. त्यात रोमान्सक्लास हा ग्रुप बघायलाच हवा, मिना व्ही. एस्गेरा या लेखिकेने २०१३ मध्ये ऑनलाइन लेखनवर्ग म्हणून सुरू केला आणि त्यातून पुढे अख्खी कम्युनिटी उभी राहिली, शंभराहून जास्त पुस्तकं, सगळ्यांत फिलिपिनो नायक-नायिका आणि शेवट सुखाचा. परदेशी रोमान्सही वाचाच, बुकसेलसारख्या सेकंडहँड दुकानांत ढिगाने मिळतात.

आता वाचायचं कसं. पहिल्यांदा मजेसाठी, पेन हातात न घेता, किलिग, म्हणजे प्रेमाच्या सीनला अंगावर येणारा गोड शहारा, कुठे आलं ते अंगाला कळू दे. मग आवडलेलं पुस्तक परत उघडा आणि वहीत एकच प्रश्न लिहा: हे दोघं दहाव्या पानावरच एकत्र का येत नाहीत? त्याचं उत्तर एका वाक्यात लिहा. मग बघा की हेच उत्तर उचलून शिकागोत नेलं तर चालेल का. चालत असेल तर पुस्तक वाईट असेलच असं नाही, पण त्या लेखकाने जागेचा उपयोग केलेला नाहीये, आणि तुम्हाला तोच करायचाय. माझ्या मते या पुस्तकांची खरी ताकद इथेच आहे, किस कितव्या पानावर येतो यात नाही.

म्हणजे काय ते उदाहरणांनी सांगते. फिलिपीन्समध्ये मुस्लिम कायदा सोडला तर घटस्फोटच नाहीये, लग्न रद्द करायला कोर्टात जावं लागतं, वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर जातो. त्यामुळे तुमची बत्तीस वर्षांची नायिका नवऱ्यापासून चार वर्षं वेगळी राहत असेल आणि आता तिला कोणीतरी आवडलं असेल, तर अडचण फक्त तिच्या मनात नाहीये, ती कागदावर आहे, चर्चमध्ये आहे, आईच्या तोंडात आहे. हे दोन ओळींत उरकू नका, अख्खं पुस्तक त्यावर उभं राहू शकतं. किंवा धाकट्या भावाची फी नायिकेच्या पगारातून जाते, ती आईवडिलांकडेच राहते, तर ती रात्री डेटवर जाते तेव्हा घरात काय बोलणं होतं? किंवा तो दुबईत कामाला, मनिलापेक्षा चार तास मागे, तिची मकाती किंवा ऑर्टिगास या मनिलाच्या ऑफिसांच्या भागांत कॉल सेंटरची नाइट शिफ्ट, मग दोघं बोलतात कधी? हे गणित खरंच कागदावर मांडा, तासांचा तक्ता काढा, सीन आपोआप सापडतात. तसंच १६ ते २४ डिसेंबर चर्चमधल्या पहाटेच्या प्रार्थना, म्हणजे सिम्बांग गाबी, नऊ दिवस ओळीने दोघांनी पहाटे भेटायचं हे आयतं मिळालेलं प्रेमकथेचं वेळापत्रक आहे. एडसा या मनिलाच्या मोठ्या हायवेवरचा ट्रॅफिक, टायफूनमुळे रद्द झालेली फेरीबोट, ला युनियनच्या समुद्रकिनाऱ्यावर सर्फिंगचा वीकेंड, सगळं वापरा, पण दरवेळी विचारा की याने दोघांपैकी कोणाला काहीतरी निवडावं लागतंय का. नसेल तर ते नुसतं पोस्टकार्ड झालं.

भाषेचं म्हणाल तर लोक टॅग्लिशमध्ये, म्हणजे टॅगलॉग आणि इंग्रजी मिसळून, बोलतात, तसंच बोलू द्या. इंग्रजी पुस्तकात टॅगलॉग शब्द आला की तो तिरका छापून शेजारी अर्थ देण्याची गरज नाही, सीनमधून कळतो. ज्याच्यासाठी लिहिताय तो वाचक घरचा आहे, पाहुण्याला थोडं कमी कळलं तरी चालतं.

लिहायला बसलात की लांबी छोटी ठेवा. पहिलं पुस्तक तीस हजार शब्दांचं असलं तरी पुष्कळ झालं. रोज पाचशे शब्द म्हणजे दोन महिन्यांत ड्राफ्ट, आणि पाचशे शब्द बसमध्ये फोनवरही होतात. मधे मागे जाऊन दुरुस्त करत बसू नका, चूक दिसली तर कंसात नोट टाका आणि पुढे चला. संवाद मात्र मोठ्याने वाचा. रोमान्सक्लासवाले एप्रिल फील्स डे नावाचा कार्यक्रम करतात, त्यात नट-नट्या पुस्तकांतले सीन स्टेजवर वाचतात. तुमचा सीन कोणी असा वाचला तर चालेल का हा फार कामाचा प्रश्न आहे, लांबलचक मनातले विचार तिथे लगेच उघडे पडतात. आणि शेवट सुखाचाच करा, याबाबतीत मी ठाम आहे, रोमान्स म्हणून विकत घेतलेल्या पुस्तकात वाचकाला दिलेला तो शब्द असतो.

ड्राफ्ट झाल्यावर तिघांना द्या: एक भरपूर रोमान्स वाचणारी, एक तुमच्या नायिकेच्या व्यवसायातली किंवा गावची, आणि एक जी तोंडावर खरं बोलेल. "आवडलं का" विचारू नका. कुठे थांबून फोन बघितला, आणि कुठल्या पानावर त्याच्यावर विश्वास बसला, एवढंच विचारा.

मग छापणं. कॉपीराइटची धास्ती घेऊ नका, फिलिपीन्सच्या कायद्याने तो लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो आणि लेखक गेल्यावर ५० वर्षं टिकतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नॅशनल लायब्ररीकडून मिळतो, ईबुक आणि छापील प्रतीला वेगवेगळा लागतो. कव्हरवर तिथलेच चेहरे घ्या, रोमान्सक्लासच्या लेखकांनी स्थानिक मॉडेल आणि नट घेऊन फोटो काढायला सुरुवात केली आणि पुस्तक हातात घेताच फरक कळतो. फोटोग्राफर आणि मॉडेल दोघांकडूनही लेखी परवानगी घ्या, ओळखीचे असले तरी.

ईबुक अॅमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाला स्वतः पुस्तक काढता येतं त्या सेवेवर, टाकणार असाल तर ७० टक्के रॉयल्टी २.९९ ते ९.९९ डॉलरच्या किमतीलाच आणि ठरावीक देशांतल्या विक्रीवरच मिळते, बाकी ३५ टक्के. केडीपी सिलेक्ट ही त्यातली खास योजना घेतली तर ९० दिवस ते ईबुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, म्हणजे वॉटपॅडवरची फुकट कथाही काढावी लागते, आणि तिथेच तुमचे वाचक जमलेले असतील तर मी तरी सिलेक्टच्या नादी लागणार नाही. अमेरिकेच्या टॅक्स फॉर्ममध्ये करारातली सवलत मागा, नाहीतर तिकडच्या रॉयल्टीतून ३० टक्के कापले जातात. छापील प्रती थोड्याच काढा, शॉपी या ऑनलाइन बाजारावर टाका, पैसे जीकॅश या फोनवरच्या वॉलेटने घ्या, आणि सप्टेंबरमध्ये पासायला एसएमएक्स या प्रदर्शन केंद्रात मनिला इंटरनॅशनल बुक फेअर भरतं तिथे दोघीतिघींनी मिळून टेबल घ्यायचं बघा. दुकानाला कन्साइनमेंटवर, म्हणजे विकल्यावर पैसे या बोलीवर, दिलंत तर किती प्रती, किती टक्के आणि पैसे कधी, हे कागदावर घ्या.

टॅक्सचं कंटाळवाणं आहे पण टाळू नका. बीआयआरकडे, म्हणजे तिथल्या कर खात्याकडे, नाव नोंदवा. वर्षाची विक्री ३० लाख पेसोंच्या आत असेल तर ८ टक्क्यांचा सोपा पर्याय निवडता येतो. फक्त लिखाणावर जगणाऱ्याला त्यात पहिले अडीच लाख पेसो माफ असतात, नोकरी असेल तर ती सूट पगाराच्या हिशोबातच धरली जाते आणि पुस्तकाच्या सगळ्या कमाईवर ८ टक्के लागतात. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं म्हणून मुद्दाम सांगतेय.

पुस्तक आलं की स्वतःच्याच पुस्तकाबद्दल रोज पोस्ट टाकू नका. दुसऱ्यांची वाचा, मनापासून आवडलेल्याबद्दल सविस्तर लिहा. हा बाजार छोटा आहे, एक वाचक दहा जणींची पुस्तकं घेतो, त्यामुळे दुसरीचं विकलं गेलं की तुमचं थांबत नाही. आणि पुढच्या पुस्तकासाठी पहिल्यातलीच मैत्रीण किंवा चुलत भाऊ उचला, वाचक त्यांची वाट बघत असतात. त्यासाठी पहिल्या ड्राफ्टपासूनच एक शीट ठेवा: कोणाचं वय किती, कोण कुठे राहतो, कोणाची फी कोण भरतं, कोणाचं लग्न कागदावर अजून टिकून आहे.