घशाशी येतं म्हणून च्युइंगम चघळताय? लाळ वाढवताना या चुका टाळा

जेवणानंतर घशाशी आंबट येत असेल, छातीत जळजळत असेल, तर च्युइंगम चघळून लाळ वाढवावी, हा सल्ला योग्यच आहे. तरीही ‘चघळून काही फरक पडला नाही, उलट ढेकर वाढले’ अशी तक्रार वारंवार येते. बहुतेकदा उपाय बरोबर असतो, पण वेळ, वस्तू किंवा चघळण्याची पद्धत चुकलेली असते. आणि ती चुकते, कारण लाळ नेमकं काय करते हेच कोणी सांगितलेलं नसतं.

जठरातलं आम्ल वर येतं, तेव्हा अन्ननलिका दोन टप्प्यांत साफ होते. पहिल्या टप्प्यात गिळण्यासोबत येणारी आकुंचनाची लाट बहुतेक सगळं आम्ल खाली ढकलते. पण अस्तरावर एक पातळ थर उरतो आणि तो तितकाच आंबट असतो. तो मुख्यतः गिळलेल्या लाळेने शमतो, तोही एका दमात नाही, तर प्रत्येक गिळण्यागणिक थोडा थोडा. 1984 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. अन्ननलिकेत 15 मिली आम्ल सोडलं, तर एक-दोनदा गिळल्यावर ते जवळजवळ सगळं खाली गेलं, पण आतला पीएच (आंबटपणा मोजणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र) मात्र हळूहळू, पायरीपायरीने वर आला. तोंडातली लाळ ओढून घेतली, तर तो वर येईना.

लाळ जठरातलं आम्ल मारेल, ही अपेक्षा

लाळेचं बळ मर्यादित असतं. उरलेला थर निष्प्रभ करण्याइतकं बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) तिच्यात असतं, जठरभर आम्लाला पुरेल इतकं नसतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली सैल झालेली झडप ती घट्ट करत नाही. त्यामुळे आम्ल वर येणं थांबणार नाही, वर आलेलं आम्ल अन्ननलिकेत कमी वेळ राहील, एवढाच हिशेब धरा. हा फायदा छोटा नाही. अस्तराची इजा बऱ्याच अंशी आम्ल किती वेळ टिकून राहतं यावर ठरते. पण च्युइंगम सुरू केलं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

लाळ थुंकून टाकणं

आम्ल वर आलं की काहींच्या तोंडात अचानक खारट, पाणचट लाळ भरते. अन्ननलिकेतल्या आम्लामुळे लाळग्रंथींना मिळालेला तो इशारा असतो, म्हणजे शरीराने स्वतःच पाठवलेली मदत. किळस वाटून ती थुंकली जाते. तोंडात आंबट पाणी आलंच असेल, तर ते आधी थुंका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि त्यानंतर सुटणारी लाळ मात्र गिळत राहा.

जळजळ सुरू झाल्यावर चघळायला घेणं

आम्ल वर येण्याचे प्रसंग जेवणानंतरच्या एक-दोन तासांत सर्वांत जास्त घडतात. म्हणून जेवण संपल्यावर लगेच सुरुवात करा आणि निदान 30 मिनिटं चघळा. पाच मिनिटांत चव गेली म्हणून थुंकून देणारे बहुसंख्य असतात, आणि फरक न पडण्याचं हे सर्वांत सामान्य कारण. पहिल्या काही मिनिटांत लाळ भरपूर सुटते, चव गेली की कमी होते. तरी चघळणं चालू असेपर्यंत ती स्वस्थ बसलेल्या वेळेपेक्षा वरच राहते. स्वस्थ बसलं असताना मिनिटाला साधारण 0.3 मिली लाळ सुटते, चघळताना 1 ते 3 मिली. शिवाय वेगाने सुटणाऱ्या लाळेत बायकार्बोनेटचं प्रमाणही वाढतं, म्हणजे तिचा प्रत्येक थेंब जास्त कामाचा असतो.

चुकीची गोळी, चुकीचा स्वाद

इथे घोटाळा होतो तो पुदिन्यामुळे. बहुतेक च्युइंगम पेपरमिंटचे किंवा स्पिअरमिंटचे असतात, आणि पेपरमिंट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करू शकतं. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण चघळल्यावर जळजळ वाढत असेल, तर सगळ्यात आधी स्वाद बदला. दालचिनीच्या स्वादानेही काहींच्या तोंडाची आग होते. मग सौम्य फळांचा स्वाद घ्या.

आंबट गोळ्या किंवा लिंबाची फोड तोंडात धरली की लाळ झपाट्याने सुटते, हे खरं. पण त्यात आम्लच असतं. आधीच आम्लाने मऊ झालेल्या दातांवर ते पुन्हा घासलं जातं, आणि सुजलेला घसा झोंबतो. साखरेच्या गोळ्या दिवसभर चघळल्या तर दात किडतात, आणि तोंड कोरडं असणाऱ्यांचे तर फारच लवकर. म्हणून शुगर-फ्री हवं. त्यातले सॉर्बिटॉल आणि झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलेले गोड पदार्थ जास्त पोटात गेले, तर वायू धरतो, जुलाब होतात, आणि फुगलेल्या पोटातून आम्ल आणखी वर ढकललं जातं. एका जेवणामागे एक तुकडा पुरतो. (घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचं पाकीट त्याच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा, थोडंसंही त्याच्या जिवावर बेतू शकतं.)

हवा गिळणं

तोंड उघडं ठेवून, बोलत बोलत किंवा भराभर चघळलं की लाळेसोबत हवाही पोटात जाते. ती ढेकर होऊन वर येते आणि येताना आम्ल घेऊन येते. ओठ मिटून, सावकाश चघळा. लाळ थोडी साठू द्या आणि मग एकदाच गिळा. तरीही ढेकर कमी होत नसतील, तर च्युइंगम सोडा आणि आंबट नसलेली शुगर-फ्री गोळी जिभेवर विरघळू द्या. जबडा दुखणाऱ्यांनी किंवा कवळी असणाऱ्यांनीही हाच मार्ग घ्यावा.

रात्रीची जबाबदारी लाळेवर टाकणं

ही चूक सर्वांत महाग पडते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. जागेपणी मिनिटाला साधारण एकदा होणारं गिळणंही क्वचितच होतं. आडवं झाल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची मदतही जाते. त्यामुळे दिवसा काही मिनिटांत शमणारं आम्ल रात्री बराच वेळ तिथेच राहतं. झोपण्याआधी चघळून लाळेचा साठा करता येत नाही. शेवटची लाळ गिळली की तिचं काम संपलं. आणि तोंडात च्युइंगम किंवा गोळी ठेवून झोपणं तर धोक्याचंच, श्वासनलिकेत अडकू शकते.

रात्रीसाठी उपाय वेगळे आहेत. शेवटचं खाणं आणि झोप यांत 3 तासांचं अंतर ठेवा. पलंगाचे डोक्याकडचे पाय ठोकळ्यांवर 15 ते 20 सेंमी उचला. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने कमरेतून वाकून पोट दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपा. त्या स्थितीत जठराचं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीला राहतं. नाक चोंदून तोंडाने श्वास घेत असाल, तर त्यावर उपचार करा, कारण उरलीसुरली लाळही त्याने सुकते.

लाळेऐवजी पाणी ढोसणं

पाणी आम्ल खाली वाहून नेतं, पण त्यात बायकार्बोनेट नसल्यात जमा, त्यामुळे उरलेला थर तसाच राहतो. एकदम पेलाभर प्यायलात तर भरलेलं जठर आणखी ताणलं जातं. दोन-तीन लहान घोट घ्या आणि पुढची काही मिनिटं लाळ गिळत राहा. सोडावॉटर किंवा फसफसणारं पेय नको.

आंबट पाणी तोंडापर्यंत आलं की लगेच ब्रश करण्याचीही सवय असते. दाताचं आवरण साधारण 5.5 पीएचखाली विरघळू लागतं, आणि मऊ झालेलं आवरण ब्रशने खरवडलं जातं. निदान अर्धा तास थांबा. तोवर पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चूळ भरा आणि थुंका. अल्कोहोल असलेलं माउथवॉश तोंड आणखी कोरडं करतं, ते टाळा.

कोरडेपणाचं मूळ न शोधणं

सगळं नीट करूनही तोंड कोरडंच राहत असेल, तर आधी औषधांची यादी काढा. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, जुन्या पद्धतीची नैराश्यावरची काही औषधं, अतिक्रियाशील मूत्राशयावरची औषधं लाळ आटवतात. ती परस्पर बंद करू नका. मात्रा किंवा औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. धूम्रपान लाळेची आम्ल शमवण्याची ताकदही कमी करतं आणि झडपही सैल करतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

लाळ खरंच कमी आहे का, हे ढोबळमानाने घरी पाहता येतं. तासभर काही खाऊ-पिऊ नका, चघळू नका. मग शांत बसून 15 मिनिटं तोंडात आपोआप जमणारी लाळ भांड्यात सोडत राहा आणि बिनसुईच्या सिरिंजने मोजा. फेस धरू नका. 1.5 मिली किंवा त्याहून कमी भरली, तर प्रवाह खूपच कमी आहे. सोबत डोळेही रखरखत असतील तर शोग्रेन विकाराची (यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते) तपासणी करून घ्यावी लागते. अशा वेळी लाळ वाढवणारं पिलोकार्पिन डॉक्टर देऊ शकतात, पण घाम सुटणं हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, आणि आटोक्यात नसलेला दमा किंवा काही प्रकारची काचबिंदूची तक्रार असेल तर ते चालत नाही.

घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन घटणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच यांपैकी काहीही दिसलं, तर लाळेचे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टर गाठा. छातीतल्या दुखण्यासोबत घाम, धाप किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ते आम्लपित्त समजून वाट पाहू नका, थेट तातडीच्या उपचारांसाठी जा.