गिनी पिग घरात रुळत नाहीये? या चुका टाळा

गिनी पिग घरी आलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणतं, ‘किती गरीब आहे बिचारं, हातात घेतलं तरी हलत नाही!’ खरं तर ते तेव्हा भीतीनं थिजलेलं असतं. याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, शिकारी पक्ष्यांचं आणि कोल्ह्यांचं भक्ष्य. धोका दिसला की पळायचं, पळता नाही आलं तर निपचित बसायचं, एवढंच त्याला ठाऊक. नव्या माणसांकडून होणाऱ्या बहुतेक चुका या गप्प बसण्याचा अर्थ उलटा लावल्यामुळे होतात.

सगळ्यांनी उचलून बघणं

घरची मुलं, शेजारची मुलं, आत्या, मावशी, सगळ्यांना ते मांडीवर हवं असतं. पण वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा वाटतो. पहिले तीन-चार दिवस गवत, पाणी आणि सफाई यापलीकडे हात लावू नका. पिंजऱ्यात लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवा आणि त्याला दोन दारं कापा. ते आत बसलं असेल तर ओढून बाहेर काढू नका. लपायची जागा पक्की असली तरच ते बाहेर यायचं धाडस करतं.

मग रोज ठरलेल्या वेळी पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसा आणि हळू आवाजात काहीही बोला. कोथिंबिरीची लांब काडी पुढे धरून हात स्थिर ठेवा. सुरुवातीला त्याचे मागचे पाय खोक्यातच रोवलेले राहतात, अंग ताणून लांब होतं, काडी दातात आली की ते मागच्या मागे पसार होतं. हे उत्तम लक्षण आहे. काही दिवसांनी ते तिथेच बसून खाऊ लागेल. पुढे कोथिंबिरीच्या पिशवीची नुसती सळसळ ऐकून ‘व्हीक व्हीक’ असा कल्ला करेल, आणि कधी जागच्या जागी लाह्या फुटल्यासारखं उडेल. उचलायची घाई त्याआधी नकोच. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. दात कटकट वाजवले तर लगेच अलगद खाली ठेवा.

एकटं ठेवणं

हा कळपातला जीव आहे. माणसाचा लळा जोडीदाराची जागा भरून काढत नाही. दोन माद्या सोबत आणा, पण दुकानदाराच्या शब्दावर न जाता नर-मादी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मादी जेमतेम महिनाभराची असतानाही गाभण राहू शकते.

खानदेशी उन्हाळा हलक्यात घेणं

याला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, आणि गिनी पिगला माणसासारखा घाम येत नाही. गच्ची, गॅलरी आणि पत्र्याची खोली त्याच्यासाठी नाहीच. जुनं धाब्याचं घर असेल तर मातीच्या छताखालची मधली खोली सर्वांत चांगली. कूलर लावा, पण खिडकी उघडी ठेवून, आणि झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नका. दमट हवेत गवताला बुरशी धरते, म्हणून गवत थोडं थोडं टाका. बसायला गार फरशीचा तुकडा ठेवा. पावसाळ्याआधी हवा दमट झाली की कूलर फारसा उपयोगी पडत नाही. तेव्हा पंखा आणि कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली चालते.

उन्हाळ्यात ते आडवं पसरून भराभर श्वास घेत असेल, तोंडातून लाळ येत असेल, तर ‘झोपलंय’ म्हणून सोडून देऊ नका. ही उष्माघाताची लक्षणं आहेत. गार जागी न्या, कान आणि पाय साध्या पाण्यानं ओले करा, आणि तडक डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

लाडानं काहीही खाऊ घालणं

वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवंच. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि चघळण्यानंच झिजतात. माणसाप्रमाणेच त्याचं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरची आणि कोथिंबीर, अधूनमधून पेरूची फोड. लसूणघास (अल्फाल्फा हा हिरवा चारा) वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. रावेर-यावलकडे केळी घरात घडानं असतात, पण त्याला आठवड्याला एखादी चकती पुरे. कळण्याची भाकरी, शेव, शेंगदाणे, कांदा, लसूण अजिबात नाही.

‘अजून लाजतंय’ म्हणून वाट बघणं

नव्या घरात ते पहिल्या दिवशी कमी खाईल, पण रात्रीतून गवत कुरतडलेलं आणि लेंड्या पडलेल्या दिसायलाच हव्यात. बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, अंग फुगवून कोपऱ्यात बसलं, तर ते आजारी आहे. त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. थांबलं की एका दिवसात जिवावर बेततं. आपल्याकडचे बरेच पशुवैद्य गाई-म्हशी, कुत्र्या-मांजरांचे, म्हणून गिनी पिग तपासणारे डॉक्टर कोण, याची चौकशी ते आणण्याआधीच करून ठेवा. घरातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. माणसांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ते दगावू शकतं. दवाखान्यात नेताना जोडीदारालाही त्याच खोक्यात घ्या, सोबत मूठभर गवत ठेवा, आणि उन्हाचे दिवस असतील तर सकाळीच निघा.