ट्यूडरकालीन न्यायमूर्तीचं चरित्र: आधी सनावळी लावा

नागपुरात लॉ कॉलेजच्या वार्षिकांकासाठी किंवा सिव्हिल लाइन्समधल्या वकील मंडळींसमोर बोलण्यासाठी कुणी सोळाव्या शतकातला इंग्रज न्यायमूर्ती निवडला, की लेख बहुधा एकाच ठिकाणी अडकतो: तारखांत. पदं, खटले, मृत्युपत्र हे सगळं तारखांवर उभं असतं. म्हणून पहिलं वाक्य लिहिण्याआधी एक तक्ता करा. रकाने पाच: कागदावरची मूळ नोंद, राजाचं कारकीर्द-वर्ष (गादीवर आल्यापासून मोजलेलं), जुन्या गणनेचं साल, आजचं साल आणि नोंद कुठे मिळाली ते.

उदाहरणाला सर जेम्स डायर घेऊ. मिडल टेंपल या लंडनच्या वकील-संस्थेचा वकील, 1552 मध्ये सार्जंट-ॲट-लॉ (वरच्या दर्जाचा वकील), मार्च 1553 च्या संसदेत केंब्रिजशरचा सदस्य आणि कॉमन्स सभागृहाचा अध्यक्ष, पुढे 1559 पासून मृत्यूपर्यंत कॉमन प्लीज या दिवाणी कोर्टाचा मुख्य न्यायमूर्ती. त्याच्या मृत्यूचं साल कुठे 1581 दिसेल, कुठे 1582, आणि दोन्ही बरोबर आहेत. इंग्लंडात तेव्हा साल 25 मार्चला बदलायचं आणि डायर वारला 24 मार्चला, म्हणजे जुन्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी. आपल्याकडे जानेवारीतल्या तारखेचा शालिवाहन शक काढताना 78 ऐवजी 79 वजा करतात, कारण शक पाडव्याला बदलतो. इथेही तसंच आहे. 1 जानेवारी ते 24 मार्चमधली प्रत्येक तारीख 1581/82 अशी जोडसालाने लिहा. ज्या संसदेचा तो अध्यक्ष होता ती 1 ते 31 मार्च 1553 एवढीच चालली, म्हणजे जुन्या गणनेत ती सुरू झाली 1552 मध्ये आणि संपली 1553 मध्ये! इथे चूक झाली, तर एकाच संसदेच्या दोन संसदा होतात. ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या, पंचांगाचे दहा दिवस मात्र मिळवू नका. इंग्लंडने ते 1752 मध्ये स्वीकारलं.

यापुढची गाठ कारकीर्द-वर्षाची. मराठेशाहीच्या कागदांवरचा राज्याभिषेक शक जसा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो, तसं पहिल्या एलिझाबेथ राणीचं वर्ष 17 नोव्हेंबरला बदलतं, कारण ती 17 नोव्हेंबर 1558 ला गादीवर आली. खटल्यांच्या नोंदी न्यायसत्रांवर असतात: हिलरी (जानेवारी-फेब्रुवारी), ईस्टर, ट्रिनिटी आणि मायकेलमस (ऑक्टोबर-नोव्हेंबर). पहिल्या तीन सत्रांसाठी वर्षाच्या आकड्यात सरळ 1558 मिळवा. ट्रिनिटी 14 एलिझाबेथ म्हणजे 1572. मायकेलमस सत्र चालू असतानाच वर्ष बदलतं, म्हणून तिथे ‘14 आणि 15’ असा दुहेरी आकडा दिसतो. त्यातला लहान आकडा धरा, पुन्हा 1572 च येईल. आठव्या हेन्रीचं वर्ष 22 एप्रिलला बदलतं. त्याच्या हिलरीसाठी 1509 मिळवा, ट्रिनिटी आणि मायकेलमससाठी 1508. ईस्टर सत्राची तारीख मात्र दर वेळी पाहावी लागते, कारण 22 एप्रिल कधी सत्राच्या आधी येते, कधी मध्ये.

साल जमलं की पदांचा क्रम तपासा. इन्स ऑफ कोर्टपैकी, म्हणजे मिडल टेंपलसारख्या वकील-संस्थांपैकी, एखाद्यात प्रवेश, वकिलीची सनद, तिथेच रीडर म्हणून व्याख्यानं, मग सार्जंट, मग न्यायमूर्ती, असा नेहमीचा चढता जिना आहे. कॉमन प्लीजमध्ये युक्तिवादाचा हक्क फक्त सार्जंटना होता, आणि न्यायमूर्ती त्यांच्यातूनच घेत. न्यायमूर्ती झाला की तो लॉर्ड्स सभागृहात सल्ला द्यायला बसे, मताधिकाराशिवाय; कॉमन्सवर निवडून यायचा प्रश्नच संपायचा. त्यामुळे ‘न्यायमूर्ती असताना कॉमन्सवर निवडून आला’ असं कुठे दिसलं, तर साल चुकलं असेल किंवा त्याच नावाचा दुसरा माणूस असेल. बाप, मुलगा आणि पुतण्या यांचं नाव एकच असणं तेव्हा अगदी सामान्य होतं.

मराठी शब्द निवडताना दोन ठिकाणी सांभाळा. कॉमन्सचा तो ‘अध्यक्ष’. ‘सभापती’ लिहिलंत की आपल्या वाचकाला विधान परिषद आठवते. आणि असाइझला, म्हणजे परगण्यांत भरणाऱ्या कोर्टाला, ‘खंडपीठ’ म्हणू नका. नागपूरचं खंडपीठ कायम इथेच बसतं. असाइझचे न्यायमूर्ती वर्षातून दोनदा, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात) आणि उन्हाळ्यात, जोडीने परगण्यांत फिरायचे. दिवाणी दावा लंडनजवळ वेस्टमिन्स्टरच्या मुख्य कोर्टात दाखल होई, ज्यूरी परगण्यात बसे आणि निकालाची नोंद परत वेस्टमिन्स्टरच्या गुंडाळीत जाई. ‘फिरतं न्यायालय’ हा शब्द बरा.

त्या गुंडाळ्या लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: कॉमन प्लीजच्या ‘सीपी 40’ क्रमांकाखाली, किंग्ज बेंच या दुसऱ्या मोठ्या कोर्टाच्या ‘केबी 27’ खाली. त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट पाहता येतात, पण भाषा लॅटिन आणि शब्द अर्धे तोडलेले. पहिल्याच दिवशी त्यात शिरू नका. आधी मृत्युपत्र वाचा, ते बहुतेकदा इंग्रजीत असतं. त्यात ‘मार्क’ आला, तर ते नाणं नव्हे, हिशेबाचं परिमाण आहे: 13 शिलिंग 4 पेन्स, म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश.

डायरने टिपून ठेवलेले खटले ‘इंग्लिश रिपोर्ट्स’ या जुन्या खटल्यांच्या संग्रहाच्या 73व्या खंडात भाषांतरित मिळतात. मूळ लॉ फ्रेंचमध्ये, म्हणजे इंग्रज वकिलांच्या फ्रेंचमध्ये, आहेत. ते त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले, आणि 1688 च्या आवृत्तीत समासात दुसऱ्यांच्या टिपा शिरल्या. सर्वांत गाजलेली टीप सॉल्सबरीची आहे: शिक्षा झालेल्या कैद्याने न्यायमूर्तीवर विटेचा तुकडा फेकला, तो थोडक्यात हुकला, कैद्याचा हात तोडून त्याला तिथेच फाशी दिली. ही घटना 1631 ची, डायर जाऊन तेव्हा 49 वर्षं झाली होती. तरीही ‘डायर लिहितो’ म्हणून ती सांगितली जाते. तक्त्यात तिच्यापुढे ‘समास’ असं लिहून ठेवा.