नवा महागडा लॅपटॉप घेतलाय? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

दसऱ्याच्या आधी ऑनलाईन सेल लागतो, लॅपटॉप आठ-दहा दिवस आधीच घरी येतो आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं राहू दे की आता, दसऱ्याला पूजा करूनच उघडूया. कोल्हापुरात हे घरोघरी चालतं. पूजा जरूर करा, पण लाख-दीड लाखाच्या वस्तूचा बॉक्स तोपर्यंत सीलबंद ठेवू नका, कारण बऱ्याच साईटवर लॅपटॉप बदलून द्यायची मुदत सातच दिवस असते आणि ती डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजतात. मुदत गेली की नवा पीस मिळायचा सोपा रस्ता बंद, मग फक्त वॉरंटी, म्हणजे रिपेअर. बॉक्स आला त्याच दिवशी उघडा, उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा, आणि बॉक्सवरचा व लॅपटॉपच्या खालचा सिरियल नंबर त्यात नीट दिसू दे.

दुसरी चूक म्हणजे महागाचा आहे म्हणजे बिघडणारच नाही असं धरून चालणं. ॲपलच्या 2015 ते 2019 मधल्या बऱ्याच मॅकबुकमध्ये बटरफ्लाय नावाचा पातळ कीबोर्ड होता, बारीक धूळ गेली तरी बटण अडकायचं नाहीतर एकच अक्षर दोनदा उमटायचं, शेवटी 2018 मध्ये कंपनीला खरेदीपासून चार वर्षांपर्यंत कीबोर्ड फुकट दुरुस्त करून द्यायची योजना काढावी लागली. प्रीमियम लॅपटॉप पातळ असतो, रॅम बऱ्याचदा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळं एक चिप गेली की अख्खा बोर्ड बदलायची पाळी येते. आणि कारखान्यातून आलेला दोष बहुतेक वेळा सुरुवातीलाच डोकं वर काढतो. म्हणून नवा आहे, जरा जपून वापरू, असं करू नका भावांनो, पहिल्या आठवड्यातच त्याला पूर्ण राबवून घ्या.

आता राबवायचं म्हणजे काय, तर आधी विंडोज अपडेट, ड्रायव्हर (टचपॅड, फॅन असले भाग चालवणारं सॉफ्टवेअर) आणि बायोस (लॅपटॉप चालू होताना आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) कंपनीच्या ॲपमधून अपडेट करून घ्या, कारण टचपॅड अडकणं, फॅन उगीच पळणं, स्लीपमधून न उठणं असले बरेच प्रकार त्यातच मिटतात. मग रात्री लाईट बंद करून स्क्रीनवर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे सपाट रंग फुल स्क्रीन लावून बघा. मेलेला पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचा न बदलणारा बारीक ठिपका, तेव्हाच दिसतो, आणि एखाद-दुसरा पिक्सेल बऱ्याच कंपन्या वॉरंटीत दोष धरत नाहीत, म्हणून तो बदलीच्या मुदतीतच सापडायला पाहिजे. झाकण हळूहळू मागंपुढं करा, स्क्रीन कुठं फडफडते का बघा. प्रत्येक टाईप-सी पोर्टला चार्जर पण लावा आणि पेनड्राईव्ह पण, एक चालला म्हणजे सगळे चालतात असं नसतं (चार्जिंगला कोणता पोर्ट आहे ते मात्र मॅन्युअलमध्ये बघून घ्या).

बॅटरीचं तर विसरूच नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport अशी कमांड दिली की रिपोर्टची फाईल तयार होते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. नव्या लॅपटॉपला ते जवळपास सारखे पाहिजेत. सायकल काऊंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा, दाखवत असेल तर तो अगदी थोडा पाहिजे, तिथं 80-90 दिसलं तर तो पीस आधी कोणीतरी वापरलेला आहे, त्याच दिवशी परत करा.

शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत डिझाईनचं काम करणाऱ्यांनी नुसत्या यूट्यूबवर टेस्ट करून भागणार नाही. रोजच्या कामातली सगळ्यात जड असेंब्ली (अनेक पार्ट जोडलेलं डिझाईन) उघडा आणि चार्जर लावून दोन तास सलग काम करा. लॅपटॉप मधेच बंद पडला तर स्टार्ट मेन्यूत रिलायबिलिटी असं इंग्रजीत शोधा, जो रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो त्यात कुठल्या तारखेला काय क्रॅश झालं ते लाल खुणांनी दिसतं. त्याचा फोटो घ्या. शिवाय कंपनीची स्वतःची टेस्ट असते, एचपीला चालू होताना एफ-2 दाबायचं, डेलला एफ-12 दाबून डायग्नोस्टिक्स निवडायचं. त्यात एरर कोड आला तर सर्व्हिसवाल्याला वाद घालायला जागाच राहत नाही.

मात्र प्रत्येक त्रास म्हणजे डिफेक्ट नव्हे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात अर्थिंग नीट नसतं, नाहीतर तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरला लावलेला असतो, मग चार्जिंगला असताना मेटल बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. ॲडॅप्टरमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट गळतो, अर्थिंग नसलं की तो बॉडीवर जाणवतो. अर्थिंग चांगलं असलेल्या तीन पिनच्या सॉकेटवर लावून बघा, थांबलं तर घरचं अर्थिंग बघायला इलेक्ट्रिशियनला बोलवा, तिथंही येत असेल तर चार्जर वापरायचा बंद करा आणि तक्रार टाका. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम होऊन बॅटरी उतरते, तेही बऱ्याचदा नव्या पद्धतीच्या स्लीपमुळं, कारण झाकण लावलं तरी तो आतून थोडा जागाच असतो. बाहेर नेताना शटडाऊन नाहीतर हायबरनेट करा.

खरंच बिघाड निघाला तर सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, बिटलॉकरची (विंडोजचं ड्राईव्हला लागणारं कुलूप) रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा नंबर, आधी शोधून लिहून ठेवा. आताच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे कुलूप (एन्क्रिप्शन) आपोआप चालू असतं, ही रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाऊंटमध्ये असते, आणि मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप तीच मागतो. नसली तर ड्राईव्ह ठणठणीत असून फाईली गेल्या. पोरांचे थेसिस जातात हो यात, फार वाईट वाटतं.

सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर (तक्रार नोंदवायचा कागद) "हँग होतो" एवढंच लिहू देऊ नका. काय करताना, किती वेळानं, चार्जर लावून का न लावता, सगळं लिहायला लावा, व्हिडिओ दाखवा, नाहीतर "प्रॉब्लेम आढळला नाही" म्हणून तसाच परत येतो. बदलीच्या मुदतीत असाल तर "आधी रिपेअर करून बघू" याला हो म्हणू नका, रिप्लेसमेंटच पाहिजे असं ईमेलवर लेखी मागा. फोनवर झालेलं बोलणं नंतर कोणी मानत नाही.

दुकानातून घेतला असेल आणि बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलं असेल तरी गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ऑनलाईन कंपनीनं तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 ला फोन करा, तिथंही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असलं तरी तुम्ही कोल्हापुरात राहता म्हणून तक्रार इथंच करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांच्या आत करायची. फक्त जीएसटीसाठी फर्मच्या नावानं बिल घेतलं असेल तर समोरचा वकील "ही व्यावसायिक खरेदी आहे, हे ग्राहकच नाहीत" असा मुद्दा काढतो, तेव्हा तुम्ही स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी स्वतःच हा लॅपटॉप वापरता हे तक्रारीत पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा.