कूलरच्या जाहिराती आणि दाराचं कुलूप

उन्हाळा लागला तशी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या काकूंनी मोबाइलवर कूलरची खस शोधली. तेव्हापासून बातम्या उघडा की पाककृती, कडेला कूलरच कूलर. "मोबाइल हॅक झाला का रे?" नाही काकू. दाराला कुलूप आहे, फक्त खिडकीला पडदा नाही.

साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (सांकेतिक रूपात माहिती पाठवायची पद्धत) असलं की तुमचा पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येत नाही. ही सुरक्षितता, म्हणजे कुलूप. पण साइट प्रामाणिक आहे याची ती हमी नव्हे. भामट्यांच्या साइटलाही एचटीटीपीएस मिळतं. लोक फसतात म्हणूनच क्रोमनं एचटीटीपीएस दाखवणारं पत्त्याजवळचं कुलपाचं चिन्ह २०२३ मध्ये बदललं.

पडदा म्हणजे खासगीपणा, तो वेगळा लावावा लागतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज' उघडून थर्ड-पार्टी कुकीज (साइटवर जाहिरातवाल्यांसारख्या तिऱ्हाइतांनी ठेवलेल्या, साइटोसाइटी तुमचा माग काढणाऱ्या खुणा) ब्लॉक करा. एखादी साइट त्यानं अडखळली, तर तेवढ्यापुरती सूट द्या. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज आपणहून वेगळ्या डब्यात ठेवतो.

इन्कॉग्निटोचं, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीचं, मात्र लोकांना उगाच कौतुक. सीताबर्डीच्या कॅफेत बसलात तर ती खिडकी बंद केल्यावर ब्राउझरमध्ये हिस्ट्री उरत नाही, एवढंच. इंटरनेट देणाऱ्याला साइटचं नाव दिसू शकतं, आणि लॉगिन केलंत तर साइट तुम्हाला नावानिशी ओळखते.