नवं फेज्ड अ‍ॅरे यंत्र पहिल्या वेल्डवर नेण्याआधी

वडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणाऱ्या टाक्या) बनवणाऱ्या शॉपना फेज्ड अ‍ॅरे (एकाच प्रोबमधून अनेक कोनांनी अल्ट्रासॉनिक लहरी सोडून वेल्डच्या आतले दोष दाखवणारं यंत्र) का हवं असतं, हे रेडिओग्राफीची, म्हणजे वेल्डची किरणोत्सर्गाने फिल्म काढण्याची, वाट पाहत थांबलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यासाठी इरिडियम-१९२ चा किरणोत्सर्गी सोर्स बाहेर काढायचा तर दोरी बांधून जागा रिकामी करावी लागते. मग काम रात्रीवर जातं आणि तोवर जॉब अडून राहतो. अल्ट्रासॉनिकला यातलं काही लागत नाही, शेजारी फिटिंग चालू असतानाही स्कॅन घेता येतो. मी इथे वेल्डचं इन्स्पेक्शन करते आणि या यंत्राच्या पूर्ण बाजूने आहे. पण नवं यंत्र आलं त्याच दिवशी खऱ्या जॉबचा रिपोर्ट लिहायला माझा ठाम विरोध आहे. पडद्यावरचं रंगीत चित्र यंत्र हिशेबाने काढतं, आणि हिशेब तुम्ही भरलेल्या वेजच्या (प्रोबखालच्या प्लास्टिकच्या पाचरीच्या), प्लेटच्या जाडीच्या, लहरींच्या वेगाच्या आकड्यांवर चालतो. आकडा चुकला तरी चित्र तितकंच सुबक दिसतं.

आधी प्रोब तपासा. एकेक एलिमेंट (प्रोबमधला लहर सोडणारा छोटा तुकडा) वेगळं चालवून त्याचा इको, म्हणजे परत आलेली लहर, बघा, मेलेलं किंवा अशक्त असेल त्याचा नंबर लिहून ठेवा, मग केबल कनेक्टरजवळ हलवून पुन्हा बघा. त्यानंतर दोन इको पडद्याच्या उंचीच्या ८० आणि ४० टक्क्यांवर आणून गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) ६ डेसिबलने कमी करा. ते ४० आणि २० वर यायला हवेत. एन्कोडर (प्रोब किती सरकला ते मोजणारं उपकरण) पट्टीला लावून ५०० मिमी सरकवा, फरक ५ मिमीच्या आत असला पाहिजे. ही कामं तासाभरात उरकतात.

वेगाचा आकडा मात्र सावकाश घ्या. कार्बन स्टीलमध्ये शिअर लहरींचा (आडव्या कंपनाच्या लहरींचा) वेग सेकंदाला साधारण ३,२४० मीटर, पण तो भरून मोकळं होऊ नका. जॉबच्याच प्लेटच्या ऑफकटचा (कापून उरलेल्या तुकड्याचा) कॅलिब्रेशन ब्लॉक करून घ्या. २५ मिमीपर्यंतच्या जाडीला २.५ मिमी व्यासाची आडवी छिद्रं वेगवेगळ्या खोलीवर पाडा आणि प्रत्येक कोनातून प्रत्येक छिद्र एकाच उंचीचं दिसेपर्यंत गेन जुळवा.

इथे वडोद्याचा उन्हाळा आडवा येतो. शेल (व्हेसलचं दंडगोल अंग) यार्डात मे महिन्याच्या उन्हात आणि ब्लॉक एसी केबिनच्या कपाटात, हे अनेक ठिकाणी चालतं. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या कोडच्या सेक्शन पाचप्रमाणे ब्लॉक आणि जॉब यांच्या तापमानात १४ अंश सेल्सिअसहून जास्त फरक चालत नाही. प्लास्टिकचं वेज तापलं की त्यातला वेग घटतो आणि स्टीलमधला कोन वाढतो. ४५ अंशाच्या किरणात हे फारसं कळत नाही, ७० अंशाच्या किरणात चांगलंच कळतं, आणि दोष एका जागी असताना दुसऱ्याच जागी दाखवला जातो. म्हणून शेलवर ताडपत्री घाला, ब्लॉक आणि वेज त्याच सावलीत जॉबजवळ ठेवा, तापमान सारखं झाल्यावरच कॅलिब्रेशन करा. जमल्यास सकाळी लवकर स्कॅन घ्या.

आता स्कॅन प्लॅन. २५ मिमी प्लेट आणि ३० अंशाचा बेव्हल (वेल्डसाठी तिरकी कापलेली कड) असेल तर बेव्हलच्या भिंतीवर सरळ काटकोनात आदळणारा किरण ६० अंशाचा, आणि तोही खालून परतून येणारा. त्याची पूर्ण स्किप (खालून परतून पुन्हा वर येईपर्यंतचं आडवं अंतर) सुमारे ८७ मिमी. त्यामागे वेजची लांबी धरली की वेल्डच्या दोन्ही बाजूंना किमान १२५ मिमी स्पॅटर (वेल्डिंगमध्ये उडून चिकटलेले धातूचे थेंब) घासून काढायला हवं. हे फिटरला आदल्या दिवशी सांगा. ऐनवेळी सांगितलं की जेमतेम पट्टा साफ होतो, आणि नेमकी भिंतच तपासायची राहते.

सगळ्यात मोलाचं काम म्हणजे मुद्दाम बिघडवलेला नमुना. शॉपमधल्या जुन्या वेल्डरकाकांना नीट समजावून विनंती करा. चांगल्या वेल्डरला वाईट वेल्ड मारायला सांगणं नाजूक काम आहे. एका जागी दोन पासांमधला (थरांमधला) स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमलेला मळ, न काढता पुढचा पास मारायचा, दुसऱ्या जागी आर्क भिंतीपासून दूर ठेवून फ्यूजन (धातू वितळून एकजीव होणं) होऊ द्यायचं नाही. त्याच तुकड्याची फिल्मही काढून घ्या. तिरक्या भिंतीवरचं लॅक ऑफ फ्यूजन फिल्मवर पुष्कळदा पुसट दिसतं किंवा दिसतच नाही, फेज्ड अ‍ॅरेमध्ये ठळक येतं. शेवटी तुकडा कापून, घासून सगळ्यांना दाखवा. वेल्डर, क्लायंटचा इन्स्पेक्टर, शॉपचे साहेब, सगळे एकत्र उभे असले तर पुढचे वाद खूप कमी होतात.

जॉब सुरू झाल्यावर प्रत्येक रिपेअरला गाऊजिंगच्या (दोष कोरून काढण्याच्या) वेळी स्वतः हजर राहा. यंत्राने सांगितलेली खोली आणि प्रत्यक्ष सापडलेली खोली वहीत शेजारी शेजारी लिहा. फरक सतत एकाच बाजूला पडत असेल तर वेजचा आकडा आणि तापमान आधी तपासा.

दोन गोष्टी वेगळ्या धरा. वेल्डला समांतर प्रोब सरकवून वेल्डला आडवी छेदणारी क्रॅक सापडेलच असं नाही, तिच्यासाठी प्रोब वळवून वेगळा स्कॅन लागतो. आणि स्टेनलेसचा जॉब आला तर कार्बन स्टीलचा हा सेटअप तसाच वापरू नका. त्या वेल्डचे जाड दाणे शिअर लहर विखुरतात आणि वाकवतात. तिथे कमी फ्रिक्वेन्सीचा, लाँगिट्यूडिनल लहरीचा (लहरीच्याच दिशेने कंपन होणारा) ड्युअल प्रोब (सोडणारा आणि घेणारा भाग वेगळा असलेला), क्लोराइडचं प्रमाण तपासलेलं कपलंट (प्रोब आणि धातूमध्ये लावायचं जेल) आणि स्टेनलेसचाच नमुना लागतो. तो तयार होईपर्यंत त्या सांध्यांची रेडिओग्राफीच करा.